फ्रेझल व्हर्ब आणि इडियम: यादी पाठ न करता शिकायची पद्धत

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, हे शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांना माहीत असतं. पण मीटिंगचा विषय निघाला आणि ‘ती पुढे ढकला’ असं इंग्रजीत सांगायची वेळ आली, की तोंडातून ‘पुट ऑफ इट’ येतं. नाहीतर माणूस ‘पोस्टपोन’वर वेळ मारून नेतो. अर्थ माहीत असतो, पण हा शब्द वाक्यात कसा बसवायचा हे कोणी शिकवलेलं नसतं. क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणाऱ्या अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात, आणि इडियम म्हणजे वाक्प्रचार. ‘एक हजार फ्रेझल व्हर्ब्ज मराठी अर्थासह’ अशा पीडीएफ फाइली मोबाइलमध्ये साठवून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. खाली दिलेला क्रम मोडू नका. विशेषतः दुसरा टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

तयारी

डिक्शनरी बदला. इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला पुरत नाही, कारण कर्म कुठे ठेवायचं हे तो सांगत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांपैकी कुठलीही एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, घ्या. तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. ‘पुट’ शोधलं की नोंदीच्या शेवटी फ्रेझल व्हर्ब्जचा वेगळा विभाग सापडतो. तिथे नुसतं ‘पुट ऑफ’ लिहिलेलं नसतं, ‘पुट समथिंग ऑफ’ असं असतं. हा ‘समथिंग’ मध्ये आहे की शेवटी, हे पाहणं अर्थ पाहण्याइतकंच महत्त्वाचं. ऑक्सफर्ड आणि लाँगमनमध्ये त्याच्याजवळ दुतोंडी बाण दिसला, तर कर्म मध्येही चालतं आणि शेवटीही चालतं असं समजा.

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: शब्द, सापडलेलं पूर्ण वाक्य, स्वतःचं वाक्य. मराठी अर्थाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. अगदी अडलं तर आख्ख्या वाक्याचं मराठी खाली लिहा, सुट्या शब्दाचं नको.

शब्द आणायचे कुठून? रोज ज्या इंग्रजीशी गाठ पडते तिथून: ऑफिसच्या मेल, सबटायटल लावून पाहिलेली मालिका, क्रिकेटची कॉमेंट्री. ‘ब्रिंग्ज अप हिज फिफ्टी’ किंवा ‘सी ऑफ द न्यू बॉल’ हे कानावरून शंभरदा गेलेलं असतं, फक्त वहीत कधी उतरलेलं नसतं.

टप्पा १: हे खरंच फ्रेझल व्हर्ब आहे का?

क्रियापदापुढे ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’ दिसलं की ते फ्रेझल व्हर्ब, असं नाही. दोन वाक्यं बघा: ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. पहिल्यात माणूस टेकडी धावत चढला. दुसऱ्यात त्याने बिल वाढवून ठेवलं. शब्दरचना सारखीच, पण पहिल्यात ‘अप’ टेकडीला चिकटलेला आहे आणि दुसऱ्यात क्रियापदाला.

फरक ओळखायला नामाच्या जागी ‘इट’ घाला. टेकडीचं ‘ही रॅन अप इट’ होतं, बिलाचं ‘ही रॅन इट अप’. ‘इट’ मध्ये शिरला तर तो छोटा शब्द क्रियापदाचा भाग आहे. व्याकरणात त्याला पार्टिकल म्हणतात, पुढे तोच शब्द वापरतो. ‘इट’ शेवटी राहिला तर दोन शक्यता उरतात. सगळे शब्द आपापल्या साध्या अर्थाने आले असतील, तर सोडून द्या. अर्थ बदललेला असेल, जसं ‘लुक आफ्टर इट’, तर ते फ्रेझल व्हर्बच आहे, पण वेगळ्या घरातलं.

टप्पा २: त्याचं घर ठरवा

बहुतेक चुका इथेच जन्मतात, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. घर म्हणजे कर्म कुठे बसतं त्यानुसार पडणारा गट. अशी घरं चार आहेत.

पहिल्या घरात कर्म नसतं. ‘द कार ब्रोक डाउन’, ‘ही डिडन्ट शो अप’, ‘आय ग्रू अप इन सांगली’. यांचा पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी प्रयोग, होत नाही. ‘आय वॉज ग्रोन अप बाय माय ग्रँडमदर’ हे चूक. आजीने वाढवलं असेल तर क्रियापदच बदलतं: ‘माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप’.

दुसऱ्या घरात कर्म मध्येही बसतं आणि शेवटीही: ‘टर्न ऑफ द फॅन’, ‘टर्न द फॅन ऑफ’. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवं: ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक हर अप’, ‘कॉल देम बॅक’. याला अपवाद धरू नका. उलट कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा. ‘टर्न द फॅन दॅट युअर ब्रदर बॉट लास्ट वीक ऑफ’ असं म्हटलं, तर ऐकणारा ‘ऑफ’ येईपर्यंत ताटकळत राहतो.

तिसऱ्या घरात जोडी फुटत नाही: ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘रन इनटू’, ‘गेट ओव्हर’, ‘कम अक्रॉस’. सर्वनामही शेवटीच येतं. ‘लुक आफ्टर हिम’ बरोबर, ‘लुक हिम आफ्टर’ चूक.

चौथ्या घरात तीन शब्द असतात: ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘गेट अवे विथ’. तिन्ही एकत्रच राहतात आणि कर्म त्यांच्यानंतर येतं.

वहीत लिहिताना घराचा क्रमांक लिहायची गरज नाही. शब्दच ‘इट’सकट लिहा: ‘पुट इट ऑफ’, ‘लुक आफ्टर इट’, ‘रन आउट ऑफ इट’. कर्म नसेल तर नुसतं ‘शो अप’. घर आपोआप लक्षात राहतं.

> सावधान: एकच जोडी दोन घरांत राहू शकते. विमान ‘टेक्स ऑफ’, तिथे कर्म नाही. बूट मात्र ‘टेक देम ऑफ’. गाडी ‘ब्रेक्स डाउन’, पण अवघड मुद्दा फोड करून सांगायचा तर ‘ब्रेक इट डाउन’. या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एकाच ओळीत कोंबू नका.

आणखी दोन गोष्टी याच टप्प्यात पक्क्या करा. पॅसिव्ह करताना पार्टिकल गळू देऊ नका: ‘द मॅच वॉज कॉल्ड’ म्हणजे मॅचला काहीतरी म्हटलं गेलं. रद्द झाली असेल तर ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’. दुसरी गोष्ट, फ्रेझल व्हर्बपुढे दुसरं क्रियापद आलं तर ते बहुतेक वेळा ‘-इंग’ लावून येतं: ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘पुट ऑफ गोइंग’. नोकरीच्या मेलच्या शेवटी येणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ हे ‘मीटिंग यू’ हवं, कारण इथला ‘टू’ ‘टु गो, टु ईट’मधला नाही.

> तपासा: वहीतले कुठलेही पाच शब्द घ्या आणि न अडखळता ‘इट’ किंवा ‘देम’ घालून वाक्य म्हणा. एकाही ठिकाणी थांबावं लागलं तर नवीन शब्द घेऊ नका.

टप्पा ३: एका वेळी एकच अर्थ

‘पिक अप’चे अर्थ बघा: उचलणे, कोणाला घ्यायला जाणे, फोन घेणे, भाषा ऐकून ऐकून शिकणे, धंद्याने उचल खाणे. पाचही एका दिवशी लिहिले तर पाचही विसरतात. जो अर्थ तुमच्यासमोर आला तेवढाच नोंदवा. दुसरा भेटेल तेव्हा त्याला वेगळी ओळ द्या. अनेक जण इथे घाई करतात आणि मग वही पुन्हा पीडीएफसारखीच दिसू लागते.

टप्पा ४: पार्टिकलची सवय ओळखा

यात मराठी माणसाचं एक भांडवल आहे, ते आपण वापरत नाही. आपणही क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडून छटा बदलतो: खा आणि खाऊन टाक, लिही आणि लिहून ठेव, शोध आणि शोधून काढ. रशियनमध्ये असंच बरंचसं काम क्रियापदाच्या आधी लागणारे उपसर्ग करतात. इंग्रजीत ते मागून येणारा छोटा शब्द करतो.

‘अप’ पुष्कळदा काम पुरतं संपल्याचं सांगतो: ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. ‘डाउन’मध्ये कागदावर उतरवून ठेवण्याचा अर्थ येतो: ‘राइट इट डाउन’, ‘नोट इट डाउन’. ‘आउट’मध्ये शोधून काढणं आहे, ‘फाइंड आउट’, ‘वर्क आउट’, तसंच वाटप आहे, ‘हँड आउट’. ‘ऑन’ म्हणजे चालू ठेवणं: ‘कॅरी ऑन’, ‘रीड ऑन’. ‘ऑफ’मध्ये तुटणं किंवा निघणं: ‘सेट ऑफ’, ‘कट ऑफ’, ‘सी समवन ऑफ’.

> सावधान: या सवयी अर्थाचा अंदाज बांधायला आणि लक्षात ठेवायला आहेत, नवे शब्द पाडायला नाहीत. ‘पुस्तक वाचून काढलं’ याचं ‘रीड अप द बुक’ होत नाही. ‘रीड अप ऑन समथिंग’ म्हणजे एखाद्या विषयाची वाचून माहिती करून घेणं. डिक्शनरीत नसेल तर वापरू नका.

टप्पा ५: मराठीतून घसरणाऱ्या जागा

यांतल्या बऱ्याच चुका आपल्या मराठी वाक्यातून येतात.

‘फॅन ऑफ कर’ या मराठी वाक्यात ‘कर’ हे क्रियापद आहे. इंग्रजीत येताना ते गळतं आणि ‘ऑफ द फॅन’ उरतं. ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ हवंच. ‘लाइट बंद कर’चं ‘क्लोज द लाइट’ होतं, तेही याच जातीचं.

‘फोन ठेव’ म्हणजे ‘कीप द फोन’ नव्हे, ‘हँग अप’ किंवा ‘पुट द फोन डाउन’. बोलता बोलता समोरच्याने फोन आपटला तर ‘शी हंग अप ऑन मी’.

‘मला स्टेशनला सोड’चं ‘लीव्ह मी टु द स्टेशन’ करू नका. ‘ड्रॉप मी ऑफ ॲट द स्टेशन’ म्हणा. सुटं ‘लीव्ह मी’ तर ‘मला एकटं सोड’च्या जवळ जातं.

‘बूट घालतोय, दोन मिनिटांत आलो’ हे ‘आय ॲम वेअरिंग माय शूज’ असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं बूट आधीच पायात आहेत, मग हा निघत का नाही? घालण्याच्या क्रियेला ‘पुट ऑन’, अंगावर असण्याला ‘वेअर’.

फॉर्म ‘फिल अप’ करायची आपल्याकडे पद्धत आहे. ब्रिटनमध्ये फॉर्म ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’, आणि ‘फिल अप’ होते ती गाडीची टाकी.

जादा शब्द हा दुसरा रोग. ‘रिटर्न बॅक’, ‘रिप्लाय बॅक’, ‘डिस्कस अबाउट’ यांतला शेवटचा शब्द काढून टाका. ‘कोप अप विथ’ हे ‘कोप विथ’ आणि ‘कीप अप विथ’ यांचं कलम आहे. परिस्थितीला तोंड द्यायचं तर ‘कोप विथ’, वेग गाठायचा तर ‘कीप अप विथ’.

काही शब्द भारतात बरोबर असतात आणि बाहेर अडचण करतात. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ हे पुण्यातल्या मुलाखतीत कोणालाच खटकत नाही. लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाला ‘मी २०१९ मध्ये बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येतं. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘प्रीपोन’ छान शब्द आहे, मला आवडतो, पण परदेशी क्लायंटशी बोलताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वापरा. ‘मूव्ह फॉरवर्ड’ टाळा. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केली, की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही काही सोमवारी येतात आणि काही शुक्रवारी. सरळ तारीख सांगणं उत्तम.

> सावधान: ‘पास अवे’ म्हणजे निधन. ‘पास ऑन’ म्हणजे निरोप पुढे देणं, आणि कर्म नसेल तर तेही निधनच. शोकसंदेश पाठवण्याआधी एकदा वाचून बघा.

टप्पा ६: कान आणि जोर

छापलेलं ‘टर्न इट ऑफ’ बोलण्यात ‘टर्निटॉफ’ होतं, ‘पिक हिम अप’चं ‘पिकिमप’. ‘हिम’मधला ‘ह’ गायब होतो. शब्द ओळखीचा असूनही ऐकू का येत नाही, याचं कारण बरेचदा हेच. मालिकेतलं एक वाक्य निवडा, सबटायटल झाकून ऐका, कागदावर लिहा, मग ताडून पहा. दिवसाला दोन वाक्यं पुरेत.

जोर कुठे द्यायचा याचा साधा नियम असा: दुसऱ्या घरातल्या शब्दांत पार्टिकलवर जोर येतो, ‘टर्न इट *ऑफ*’. ‘लुक आफ्टर’सारख्या तिसऱ्या घरातल्या जोड्यांत साधारणपणे क्रियापदावर. तेच शब्द नाम झाले की जोर पहिल्या भागावर सरकतो आणि लिहिताना ते जोडले जातात: ‘टु बॅक अप’ दोन शब्द, ‘अ बॅकअप’ एक शब्द. ‘लॉग इन’ आणि ‘सेट अप’ यांचंही तसंच. सॉफ्टवेअरमधले लोक हे रोज लिहितात आणि रोज चुकवतात.

टप्पा ७: इडियम ओळखायचे पुष्कळ, वापरायचे थोडे

इथे नियम उलटा आहे. फ्रेझल व्हर्बशिवाय रोजचं इंग्रजी बोलताच येत नाही, इडियमशिवाय येतं. म्हणून समजायला शंभर असू द्या, तोंडात दहा-बारा पुरे.

आधी मराठीशी जुळणारे घ्या, ते फुकटात मिळतात: ‘रब सॉल्ट इनटु द वूंड’ म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, ‘स्टॅब इन द बॅक’ म्हणजे पाठीत खंजीर खुपसणं, ‘टर्न अप युअर नोज’ म्हणजे नाक मुरडणं.

मग फसवे घ्या, त्यांच्यावर जास्त लक्ष हवं. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणं. मराठीतलं पाय ओढणं म्हणजे दुसऱ्याला वर जाऊ न देणं. कोणी हसत ‘आय ॲम जस्ट पुलिंग युअर लेग’ म्हणाला, तर तो वैरी नाही. ‘वॉश युअर हँड्स ऑफ समथिंग’ म्हणजे हात झटकणं. वाहत्या गंगेत हात धुण्याशी किंवा हात धुऊन मागे लागण्याशी त्याचा संबंध नाही. ‘गेट कोल्ड फीट’ म्हणजे भीतीने हातपाय गार पडणं असं वाटतं, पण ते ठरवलेल्या गोष्टीपुढे ऐन वेळी कच खाण्यासाठी वापरतात.

तिसरा गट खेळांचा. ‘ऑन द बॅक फुट’ (बचावाच्या पवित्र्यात), ‘स्टिकी विकेट’ (अवघड परिस्थिती), ‘ऑफ युअर ओन बॅट’ (स्वतःहून) हे आपल्याला लगेच समजतात आणि ब्रिटिशांनाही. अमेरिकन क्लायंटला मात्र यांतले बरेच कळत नाहीत, कारण त्याचे इडियम बेसबॉलमधून येतात. तो ‘बॉलपार्क फिगर’ मागतो तेव्हा त्याला ढोबळ आकडा हवा असतो, दोन दशांश स्थळांपर्यंतचा हिशेब नको असतो. ‘कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण. ‘लेट्स टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. हिंजवडीत काम करणाऱ्याला हे तीन ‘स्टिकी विकेट’पेक्षा जास्त कामाचे आहेत.

इडियममधले शब्द बदलू नका. काळ बदलतो, ‘ही स्पिल्ड द बीन्स’ (त्याने गुपित फोडलं), पण ‘बीन्स’ची ‘बीन’ होत नाही आणि ‘स्पिल’च्या जागी दुसरं क्रियापद येत नाही. आणि पाठ्यपुस्तकातलं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ जुनाट झालंय. समजलं तर ठीक, स्वतः ‘पोअरिंग’ म्हणा. ‘किक द बकेट’ तर थट्टेतलाच शब्द, कोणाच्या खऱ्या मृत्यूबद्दल बोलताना चुकूनही नको.

टप्पा ८: जागा पाहून वापर

मित्राशी बोलताना ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस नॉइज’ पुस्तकी वाटतं, ‘आय कान्ट पुट अप विथ’ सहज वाटतं. करारात किंवा शोधनिबंधात नेमकं उलट: ‘लुक इनटू’पेक्षा ‘इन्व्हेस्टिगेट’ बरं. ऑफिसच्या मेलमध्ये दोन्ही चालतात. ‘सॉर्ट आउट’, ‘फॉलो अप’, ‘सेट अप’ हे शब्द तिथे रुळलेले आहेत.

आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. बोलण्याच्या परीक्षेत सातव्या बँडच्या (गुणश्रेणीच्या) निकषांत इडियमॅटिक शब्दसंपत्तीचा उल्लेख आहे, म्हणून क्लासवाले म्हणींची यादी पाठ करून घेतात. त्या निकषाचा रोख सहज, प्रसंगाला शोभणाऱ्या शब्दयोजनेकडे आहे. ११ ते १४ मिनिटांच्या त्या संभाषणात ‘ग्रू अप’, ‘एन्डेड अप’, ‘गेट ऑन विथ’ योग्य जागी आले तर ते ठरवून कोंबलेल्या ‘वन्स इन अ ब्लू मून’पेक्षा जास्त उपयोगी पडतात. या परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारातल्या लेखी भागात आलेखाचं वर्णन करताना इडियम अजिबात नको.

टप्पा ९: उजळणी

आठवड्याला पाच ते सात नवे शब्द, जास्त नाही. रविवारी मधला रकाना झाका आणि पहिल्या रकान्यावरून नवं वाक्य मोठ्याने म्हणा. जुनं वाक्य आठवून म्हटलेलं धरायचं नाही. मग गेल्या आठवड्यातला एक खरा प्रसंग, गाडी बंद पडली, गॅस संपला, पाहुणे आलेच नाहीत, दोन मिनिटं इंग्रजीत सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. परत ऐकताना फक्त दोन गोष्टी तपासा: सर्वनाम योग्य जागी बसलं का, आणि पार्टिकल कुठे गळला का. उच्चार, काळ, बाकीचं व्याकरण त्या दिवशी सोडून द्या.

महिनाभरात एकदाही बोलण्यात किंवा लिहिण्यात न आलेला शब्द वहीतून खोडून टाका. गरजेचा असेल तर कोणाच्या तरी मेलमधून तो पुन्हा समोर येईल, तेव्हा नव्या वाक्यासकट लिहा.